फिर्मिनचा टार्ट

होबोकेनच्या आमच्या गल्लीत कुणाच्या घरात काय चाललंय ते कळायला दाराला कान लावावा लागत नाही, खिडकीकडे बघितलं की पुरतं. सगळ्यांच्याच खिडकीत शोभेच्या वस्तू रस्त्याकडे तोंड करून जोडीनं मांडलेल्या असतात. फिर्मिन हेलेमान्सच्या खिडकीत दोन निळ्या फुलदाण्या आहेत. बाकीच्यांच्या वस्तू मांजर ढकलतं, नातवंडं ओढतात, कधी पडदा ओढताना कोपर लागतं. फिर्मिनच्या फुलदाण्या त्याची बायको जॉर्जेट लग्न होऊन आली त्या वर्षापासून तसूभर हललेल्या नाहीत. एकदा त्यातली एक जरा तिरकी दिसली, तर समोरची बाई काळजीनं बेल वाजवून विचारून आली होती, घरात सगळे ठीक आहेत ना म्हणून.

हा माणूस कुंपणाची झुडपं दोरी लावून कापतो. कचऱ्याच्या पिशव्या फुटपाथवर ठेवतो त्या गाठी एका बाजूला करून. तळलेल्या बटाट्यांचा द्रोण हातात आला की आधी वरचे चार बटाटे सरळ करतो आणि मग मेयोनीजमध्ये बुडवतो. आम्ही गल्लीतली सज्जन माणसं त्याच्या दारासमोरून जाताना पायपुसणं पायाच्या अंगठ्यानं हळूच तिरकं करतो, आणि कोपऱ्यावर थांबून बघतो. दार उघडतं, हात बाहेर येतो, पायपुसणं सरळ होतं, दार बंद. इतकी वर्षं झाली, पण अजून मजा येते.

त्याचा बाप इथल्या धातूच्या भट्टीवर कामाला होता. त्यानं जन्मभर टनावारी धातू वितळवला, आणि पोराची नोकरी त्याला मरेपर्यंत कळली नाही. शहराच्या कडेला एक प्रयोगशाळा आहे, तिथे धातूच्या पोटातले अणू दिसतील असे इलेक्ट्रॉनचे सूक्ष्मदर्शक आहेत, उंचीला कपाटाएवढे. त्यांच्यासाठी नमुने तयार करायचं काम फिर्मिनचं. धातूची पट्टी भट्टीत भाजायची, तिच्यातून शर्टाच्या बटणाहून लहान चकती कापायची, ती थंडगार आम्लात धरून इतकी पातळ करायची की मध्यभागी भोक पडावं. मग त्या भोकाची कड बघायची, कारण तिथेच धातू इतका विरळ झालेला असतो की पलीकडचं दिसतं. बाप दारूच्या गुत्त्यात सांगायचा, "माझा पोरगा चांगला धातू भोक पडेस्तोवर घासतो, आणि शिकलेली माणसं त्या भोकाचं कौतुक करतात."

त्या प्रयोगशाळेत एक रीत आहे. कुणाच्या हातून चूक झाली, की त्यानं शुक्रवारी कॉफीच्या वेळी टार्ट आणायचा. तोही कुठलाही नाही, तांदळाची घट्ट खीर भरून भाजलेला, आमच्याकडे मयताला आणि बारशाला दोन्हीकडे चालतो तो. टार्ट टेबलावर आला की आधी सगळ्यांनी गुपचूप खायचा. तोंडं भरलेली असताना कुणी कुणाला रागावू शकत नाही, हे ही रीत घालणाऱ्याला बरोबर ठाऊक असणार. बशा रिकाम्या झाल्या की आणणाऱ्यानं काय घडलं ते सांगायचं, आणि विषय तिथे संपला. प्राध्यापक वेरेल्स्ट यांनीसुद्धा टार्ट आणलेला आहे. एका काळ्या ठिपक्यावर त्यांनी तासभर व्याख्यान दिलं होतं आणि तो ठिपका आम्लाचा वाळलेला डाग निघाला होता. फिर्मिननं मात्र आजवर टार्ट आणला नव्हता. येत्या उन्हाळ्यात निवृत्त व्हायचं आणि न आणताच व्हायचं, हे त्यानं मनाशी धरलं होतं. बोलायचा नाही, पण दुसऱ्या कुणाचा टार्ट खाताना त्याच्या चेहऱ्यावर जे काही यायचं ते बघून जॉर्जेटनं त्याला दोनदा सांगितलं होतं की असा चेहरा करून खाऊ नकोस, लोकांना पचत नाही.

सिल्के ही तिथली पीएचडी करणारी मुलगी, लिम्बुर्गकडच्या खेड्यातली. आल्या आल्या पहिल्याच महिन्यात तिनं टार्ट आणला, कारण चकती हातातून पडून हरवली होती. ती गुडघ्यांवर रांगत सगळी फरशी शोधत होती, आणि चकती तिच्याच बाहीला चिकटलेली फिर्मिनला दिसली. तेव्हापासून त्या दोघांचं जमलं. ती त्याला "फिर्मिन, तुम्ही" म्हणायची, तो तिला "पोरी" म्हणायचा आणि येता जाता तिच्या टेबलावरची पेनं एका दिशेला करून जायचा.

तिचं काम होतं आठवण असणाऱ्या धातूवर. निकेल आणि टायटॅनियम अर्धं अर्धं घेऊन तो करतात. थंड असताना वाकवा, गरम पाण्यात टाका, आपला पहिला आकार आठवून सरळ होतो. फिर्मिन उरलेल्या तारा खिशातून आणून गुत्त्यात हा खेळ करायचा, आणि कॉफीत बुडवलेली तार टुणकन सरळ झाली की आमच्यातले शहाणे दर वेळी कपाखाली वाकून बघायचे.

आता निकेल जरासं जास्त घातलं आणि पट्टी भट्टीत तासनतास ठेवली, की ते जास्तीचं निकेल एकेका जागी गोळा होतं आणि त्याचे मसुराच्या दाण्यासारखे चपटे कण तयार होतात. डोळ्यांना दिसायचे नाहीत इतके बारीक. त्यांच्यातल्या अणूंची मांडणी वेगळी, त्यामुळे भोवतालच्या रांगांमध्ये ते नीट बसत नाहीत. शेजाऱ्यांना रेटतात, रांगा ताणतात. आमच्या गल्लीतही असे दोघे तिघे आहेत. पण गंमत ही की त्या रेट्यामुळेच धातूला वळण लागतं, कुठून कुठे जायचं ते कळतं. नुसत्या गुळगुळीत, बिनदोषाच्या धातूची आठवण लवकर ढिली होते. पट्टी मोकळी भाजली तर हे मसूर चार दिशांना तोंडं करून पडतात, पिशवीतून सांडल्यासारखे.

सिल्केच्या पट्टीत मात्र ते एकाच दिशेला पडले होते, एकजात सगळे. डब्यातल्या हेरिंग माशांसारखे शेजारी शेजारी. तिनं आपल्या मिश्रणात चिमूटभर तिसरा धातू घातला होता. त्या धातूच्या संगतीनं कण आपणहून रांगेत येतात, असा तिचा निष्कर्ष, आणि प्रबंधाचं सगळ्यात मोठं प्रकरण त्याच्यावर उभं. वेरेल्स्ट खूश होते. वसंतात ती परीक्षकांसमोर उभी राहणार होती. पडद्यावरचं ते चित्र बघायला तिनं पहिल्यांदा फिर्मिनला बोलावलं, तेव्हा तो बराच वेळ हात मागे बांधून बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, "काय शिस्त आहे गं, पोरी." त्या दिवशी घरी येऊन त्यानं जॉर्जेटला सांगितलं की देवानं निदान एका ठिकाणी तरी नीट आवरून ठेवलंय.

उरलेल्या पट्टीचा एक तुकडा त्यानं नेहमीप्रमाणे घरी आणला होता. जॉर्जेटनं तो दोऱ्याला बांधून स्वयंपाकघरात टांगला, शेगडी आणि खिडकी यांच्या मधोमध. तिला लखलखीत वस्तू आवडतात, आणि नवऱ्यानं कामावरून काही आणलं तर ते लपवायचं नाही हे तिच्या आईनं शिकवलेलं.

जानेवारीतल्या एका रविवारी सूप उकळत होतं. फिर्मिन चमचे मांडत होता, म्हणजे मांडलेले चमचे पुन्हा मांडत होता. जॉर्जेट वाफ जाण्यासाठी खिडकी उघडून म्हणाली, "तुझी ही पट्टी अगदी तुझ्या आईवर गेली आहे. थंडी लागली की तोंड वाकडं करते, सूप दिसलं की सरळ होते."

"सरळ होते ते बरोबर," फिर्मिन म्हणाला. "वाकडी तू केली असशील."

"मी कशाला करू? सकाळी उठून बघते तर वाकलेली असते. कुणी हात लावत नाही."

फिर्मिनच्या हातातला चमचा तिरका राहिला, आणि तसाच राहिला. जॉर्जेट सांगते की तिला भीती वाटली ती तेव्हा.

त्यानं पट्टी सोडवली आणि सुपाच्या वाफेत धरली, सरळ. खिडकीबाहेरच्या कठड्यावर ठेवली. थोड्या वेळानं तिनं हळूच कमान टाकली. पुन्हा वाफेत, पुन्हा बाहेर. सूप आळलं, तरी त्याचं चाललंच होतं. साधी पट्टी असं करत नाही. साध्या पट्टीला एकच आकार आठवतो, गरम असतानाचा. गार झाल्यावर ती जशी असेल तशी पडून राहते, कुणी वाकवेपर्यंत. आपणहून वाकायची आणि आपणहून सरळ व्हायची, असे दोन्ही आकार आठवतात ते फक्त भट्टीत भाजताना दाबात धरलेल्या पट्टीला. दाबात असली की मसुरांना एकच दिशा सोयीची होते, सगळे तिकडेच पडतात, आणि सगळे मिळून एकाच बाजूला रेटतात. ही गोष्ट प्रयोगशाळेत पहिल्या आठवड्यात शिकवतात. फिर्मिननं स्वतः किती जणांना सांगितली असेल.

आणि पट्टी दाबात कुणी धरली होती, तर त्यानंच.

सिल्के यायच्या आधी इतरांचे नमुने जाड असायचे. तिच्या पट्ट्या पातळ. पहिल्या कडक भाजणीनंतर त्या पाण्यात बुडवल्या की टरबुजाच्या फोडीसारख्या किंचित वाकायच्या. अशा वाकड्या पट्ट्या दुसऱ्या भाजणीसाठी भट्टीच्या नळीत ठेवायच्या, हे फिर्मिनच्या जिवाला बघवेना. त्यानं त्या दोन पोलादी पाट्यांच्या मध्ये घालून स्क्रूनं सपाट केल्या, आणि मग ठेवल्या. दर वेळी. दाबणं वेगळं आणि नीट ठेवणं वेगळं, असं त्याचं जन्मभराचं मत. पट्टी दाबली असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. पायपुसणं सरळ करताना येतं का कुणाच्या? आणि आता गारठ्यात ती नेमकी त्याच बाजूला वाकत होती, जिकडे आधी वाकलेली होती. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं, हे आपण नुसतं ऐकलं आहे. फिर्मिनच्या हातात ते पुराव्यासकट होतं.

म्हणजे तिसऱ्या धातूनं काही केलं नव्हतं. सिल्केचं मोठं प्रकरण म्हणजे फिर्मिनच्या दोन पाट्या आणि एक स्क्रू.

त्या आठवड्यात आमच्यापैकी कुणीतरी सवयीनं पायपुसणं तिरकं केलं, तर ते दुपारपर्यंत तिरकंच. तेव्हा गल्लीला कळलं की प्रकरण गंभीर आहे. समोरच्या बाईनं दम्याचा अंदाज केला, बेकरीवाल्यानं जॉर्जेट माहेरी जाणार असल्याचा.

घरात काय चाललं होतं ते जॉर्जेटनं नंतर सांगितलं. तो स्वयंपाकघरात बसून आपल्याच बाजूनं आणि आपल्याच विरुद्ध बोलायचा. कुणाला कळणार आहे? पट्टी संपली, पाट्या धुऊन फडताळात गेल्या. उन्हाळ्यात मी घरी. पण परीक्षकांतल्या एखाद्यानं आपल्याकडे तेच मिश्रण करून पाहिलं आणि मसूर चार दिशांना पडले, तर? मग त्या पोरीला लोक काय म्हणतील? खोटं बोलली म्हणतील. आणि आत्ता सांगितलं, तर वसंतातली परीक्षा गेलीच तिची. आणि टार्ट, हे तो शेवटी, अगदी हळू म्हणायचा. तेही निवृत्तीच्या तोंडावर.

जॉर्जेट बटाटे सोलत ऐकून घ्यायची. ती काही धर्मोपदेशक नाही, तिच्या स्वतःच्या चुकांच्या तीन आवृत्त्या गल्लीत आहेत. शेवटी ती इतकंच म्हणाली, "नसेल सांगायचं तर नको सांगू. पण मग ती पट्टी इथून घेऊन जा. रोज सकाळी माझ्याकडे बघून वाकते."

गुरुवारी फिर्मिन बेकरीत गेला आणि तांदळाचा टार्ट सांगितला, मोठा. कुणाचा वाढदिवस, असं बेकरीवाल्यानं विचारलं. फिर्मिन म्हणाला, कुणाचा नाही. एवढ्या उत्तरावर बेकरीवाल्यानं संध्याकाळपर्यंत गल्लीला काय काय पुरवलं ते इथे लिहीत नाही.

शुक्रवारी तो खोका घेऊन कॉफीच्या खोलीत शिरला, तर पहिल्यांदा सगळे टाळ्या वाजवायला लागले. निवृत्तीची मेजवानी त्यानं लवकर सुरू केली असं त्यांना वाटलं. त्यानं टार्ट कापला, सगळे तुकडे सारखे, आणि बशा फिरवल्या. रीत म्हणून सगळे गप्प खात होते, पण एकेकाचं खाणं मंदावत गेलं, कारण फिर्मिन स्वतः खात नव्हता. वेरेल्स्ट यांनी काटा खाली ठेवला. सिल्के तेवढी निवांत होती. तिनं दुसरा तुकडा घेतला.

बशा रिकाम्या झाल्यावर फिर्मिननं खिशातून पट्टी काढली. एका पेल्यात गरम कॉफी होती, दुसऱ्यात त्यानं बर्फाचं पाणी घातलं. पट्टी यात, मग त्यात. सरळ, वाकडी, सरळ, वाकडी. गुत्त्यात हा खेळ केला की लोक हसतात. इथे कुणी हसलं नाही. काय चाललंय ते त्या खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं, फक्त ही पट्टी कुणाची ते ठाऊक नव्हतं.

"ही तुझी आहे, पोरी," फिर्मिन म्हणाला. "मी पाट्यांमध्ये धरून भाजली. सगळ्याच तशा भाजल्या."

सिल्केनं बशी टेबलावर ठेवली.  मग तिनं विचारलं, "का?"

"वाकडी दिसत होती."

"मला विचारलं का नाहीत?"

"त्यात काय विचारायचं, असं वाटलं."

ती उठली आणि गेली. दार तिनं आपटलं नाही, हलकेच लावलं, आणि ते फिर्मिनला जास्त लागलं. रीतीप्रमाणे विषय तिथे संपायला हवा होता. पण रीत घालणाऱ्यानं टार्टाची कल्पना केली ती पडलेल्या चकतीसाठी आणि वाळलेल्या डागासाठी, कुणाच्या चार वर्षांच्या कष्टांसाठी नव्हे. उरलेला एक तुकडा खोक्यात तसाच राहिला आणि सोमवारी कुणीतरी टाकून दिला.

त्यानंतर सिल्के त्याच्याशी कामापुरतं बोलायची. परीक्षा वसंतातून शरदात गेली. नवी पट्टी भाजायची होती, मोकळी, कशालाही न टेकवता. ते काम दुसऱ्या कुणाला देता आलं असतं, वेरेल्स्ट तसं म्हणालेही. पण ती म्हणाली, फिर्मिनच करतील. प्रेमानं म्हणाली की शिक्षा म्हणून, ते कुणाला कळलं नाही. तिलाही कळलं नसावं.

पाण्यातून काढलेली पट्टी पुन्हा टरबुजाच्या फोडीसारखी वाकली होती. फिर्मिननं ती चिमट्यानं उचलली आणि भट्टीच्या नळीत ठेवली, तशीच, वाकडी. मग तो समोरच्या स्टुलावर बसला आणि दोन्ही हात मांड्यांखाली घातले. सिल्के दारात उभी राहून बघत होती. त्याची बोटं मांडीखाली वळवळत होती असं ती सांगते. "जा घरी," ती शेवटी म्हणाली, "मी लक्ष ठेवते." तो म्हणाला, "नको. तू गेलीस तर मी सरळ करीन." तेव्हा तिला हसू आलं. नको असताना आलं, म्हणून ती आणखी रागावली, आणि दुसरं स्टूल ओढून बसली.

नव्या पट्टीत मसूर चारी दिशांना पडले, सांडल्यासारखे. ते प्रकरण आखडून लहान झालं आणि त्याचं नाव बदललं. तिसऱ्या धातूची कीर्ती गेली. पण दाब किती हलका असला तरी मसूर ऐकतात, दोन पाट्या आणि एक स्क्रूसुद्धा पुरतो, हे तिनं मोजून लिहिलं, आणि त्या जुन्या पट्ट्या वाया गेल्या नाहीत. परीक्षा उत्तम झाली की बरी झाली याबद्दल गल्लीत दोन मतं आहेत; तिथे आमच्यातलं कुणी नव्हतं, म्हणून दोन्ही ठाम आहेत.

फिर्मिन उन्हाळ्यात निवृत्त झाला. आता तो दिवसभर घरी असतो आणि पायपुसण्याचा खेळ आम्हाला परवडेनासा झाला आहे, कारण तो दाराआडच उभा असतो.

परीक्षेनंतरच्या रविवारी सिल्के सायकलवरून होबोकेनला आली. मागच्या पिशवीत खोका होता. जॉर्जेटनं दार उघडलं आणि खोका बघून तिला आत ओढलंच. टेबलावर झाकण उघडलं तर तांदळाचा टार्ट. सायकलच्या धक्क्यांनी एका बाजूला घसरलेला, एक कड चेपलेली, खीर कोपऱ्यात चढलेली.

"हा कशासाठी?" फिर्मिननं विचारलं.

"माझा आहे," सिल्के म्हणाली. "पट्टी मोकळी ठेवा, असं मी तुम्हाला कधी सांगितलंच नव्हतं. तुमच्या हाती वाकडी वस्तू दिली आणि काही सांगितलं नाही. तुम्हाला ओळखत असून."

रीत म्हणजे रीत, आधी गुपचूप खायचं आणि मग बोलायचं. तिनं उलटं केलं होतं. पण ते कुणी दाखवून दिलं नाही. पुन्हा जुन्या जागी टांगलेली पट्टी सुपाच्या वाफेत सरळ झाली होती. फिर्मिनचा उजवा हात मात्र टार्टाच्या चेपलेल्या कडेकडे आपोआप निघाला होता.

"हात मागे, फिर्मिन," जॉर्जेट म्हणाली.

त्यानं हात मागे घेतला, मांडीखाली घातला, आणि चेपलेल्या बाजूचा तुकडा आपल्याला मागून घेतला.